स्वतःच्याच मालाची चोरी

परक्याच्या मालकीची वस्तू त्याने दिलेली नसताना घेणे म्हणजे चोरी, ही व्याख्या भारतीय धर्मपरंपरांत थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. जैन ग्रंथांनी तिला ‘अदत्तादान’, म्हणजे न दिलेले घेणे, असे नेमके नाव दिले आहे, आणि बौद्ध पंचशीलातील दुसऱ्या शीलात हाच शब्द त्याच्या पाली रूपात येतो. घरफोड्या, खिसेकापू, रात्रीतून शेताचा बांध सरकवणारा शेजारी यांना ही व्याख्या बिनचूक लागू पडते. सीमाशुल्काच्या दारात मात्र ती अडखळते. परदेशातून माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याने विक्रेत्याला किंमत चुकती केलेली असते, जहाजाचे भाडे आणि विम्याचा हप्ता भरलेला असतो, मालाची कागदपत्रेही त्याच्याच नावावर असतात; असे असूनही तो माल शुल्क न भरता बंदराबाहेर काढला तर कायदा त्या कृत्याला तस्करी म्हणतो, आणि धर्मग्रंथ, ज्यांनी या बाबतीत गप्प राहावे अशी अपेक्षा असते ते, त्याला चोरीच म्हणतात. माल स्वतःचाच असेल तर ही चोरी कोणाकडून झाली, आणि चोरलेली वस्तू नेमकी कोणती, हे दोन प्रश्न वाटतात त्यापेक्षा अवघड आहेत.

या प्रश्नांचा विचार मुंबईला लागून असलेले मिरा-भाईंदर हे शहर डोळ्यांसमोर ठेवून करण्यास सबळ कारण आहे. शहराच्या उत्तरेला वसईची खाडी असून तिच्या पलीकडे नालासोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक हे बंदर, आहे. पूर्वेला दिसणाऱ्या डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला कान्हेरीची लेणी आहेत आणि त्यांतील शिलालेखांत सोपारा व कल्याण येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. खाडीच्या काठचे घोडबंदर आपल्या नावातच सागरी व्यापाराची आठवण बाळगून आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी तयार होतात, आणि त्यांसाठी लागणाऱ्या पत्र्यापैकी काही पत्रा परदेशातून न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात उतरतो. शहरात जैनांची वस्ती मोठी आहे, उत्तनच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळी आहेत, मिरा रोडला मुसलमानांची दाट वस्ती आहे. म्हणजे व्यापार आणि व्रत यांची गाठ जिथे रोज पडते, असे हे गाव आहे.

‘जकात’ या शब्दापासूनच सुरुवात करता येते. मराठी माणूस जकात म्हटले की नाका आणि ट्रकांची रांग आठवतो, आणि दहिसरच्या चेकनाक्यावर 2017 च्या जून अखेरपर्यंत ही रांग मिरा-भाईंदरकरांनी डोळ्यांनी पाहिली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. मूळ अरबी शब्द ‘झकात’ मात्र इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एकाचे नाव आहे आणि त्याच्या अर्थात शुद्धीची कल्पना आहे: संपत्तीतील ठरलेला वाटा गरजूंसाठी वेगळा काढल्याने उरलेली संपत्ती शुद्ध होते. राज्यकर्त्याने व्यापाऱ्याकडून मनमानी उकळलेल्या पथकरासाठी अरबीत ‘मक्स’ असा वेगळा शब्द आहे आणि धर्मशास्त्र्यांनी त्याची निंदा केली आहे. फारसी कारभारातून दख्खनेत येताना पवित्र शब्द नाक्याला चिकटला आणि निंद्य शब्द मागे राहिला. भाषेने केलेली ही अदलाबदल गमतीची असली तरी तिच्यात एक गंभीर शंका दडलेली आहे, ती अशी की नाक्यावर द्यावा लागणारा पैसा हा हक्काचा वाटा आहे की बळजोरीची वसुली आहे, हे नाका पाहून कळत नाही.

आजची पद्धत आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण नैतिक प्रश्न नेमका कोणत्या क्षणी उभा राहतो ते तिच्यातूनच कळते. जहाज बंदराला लागण्यापूर्वी जहाज कंपनी त्यावरील मालाची यादी सीमाशुल्क खात्याला देते. आयातदार, किंवा त्याच्या वतीने परवानाधारक दलाल, ज्याला बाजारात अजूनही सीएचए म्हणतात, ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल करतो. हे नावाने बिल असले तरी ते देयक नसून निवेदन आहे: माल कोणता, कोणत्या देशातला, किती, काय किमतीचा, आणि शुल्काच्या अनुसूचीतील कोणत्या आठ आकडी क्रमांकाखाली तो येतो, हे आयातदार त्यात स्वतः सांगतो. संगणक येण्यापूर्वी हे पत्रक तीन रंगांत असे. माल थेट देशांतर्गत वापरासाठी सोडवायचा असेल तर पांढरे, शुल्क न भरता बंधपत्रावर गोदामात ठेवायचा असेल तर पिवळे, आणि पुढे त्या गोदामातून काढायचा असेल तर हिरवे. शुल्क आकारण्यासाठी धरलेल्या किमतीत मालाच्या किमतीबरोबर बंदरापर्यंतचे भाडे आणि विमाही येतो, आणि परकीय चलनाचा दर खात्याने अधिसूचित केलेला धरावा लागतो.

आकड्यांत सांगायचे तर अशा रीतीने ठरलेली किंमत 1,00,000 रुपये आणि मूळ सीमाशुल्काचा दर 10 टक्के मानला, तर मूळ शुल्क 10,000 रुपये होते. त्या शुल्काच्या 10 टक्के म्हणजे 1,000 रुपये समाजकल्याण अधिभार लागतो. या तिन्हींची बेरीज 1,11,000 झाली की तिच्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो, जो 18 टक्के दराने 19,980 रुपये येतो, आणि एकूण भरणा 30,980 रुपयांचा होतो. यांपैकी शेवटचा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढच्या विक्रीवरील करातून वळता करून घेता येतो, पहिले दोन मात्र किमतीत कायमचे मुरतात. ही रक्कम आता इलेक्ट्रॉनिक रोकड खात्यातून भरली जाते, मुदत चुकल्यास वर्षाला 15 टक्के दराने व्याज चढते, आणि भरणा व आवश्यक तेथे तपासणी झाल्यावर अधिकारी माल सोडण्याचा आदेश देतो. व्यापारी या सगळ्या प्रकाराला ‘माल सोडवणे’ म्हणतात. गहाण पडलेला दागिना किंवा कोंडवाड्यातले जनावर ज्या क्रियापदाने सोडवायचे तेच क्रियापद इथे वापरले जाते, आणि ते योग्यच आहे. सोडवला जाईपर्यंत माल मालकाचा असूनही मालकाच्या हाती नसतो, कायद्याने तो बंदरावरील अभिरक्षकाच्या ताब्यात असतो.

या पद्धतीत 2011 साली झालेला बदल तात्त्विक दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो. त्यापूर्वी शुल्काची आकारणी अधिकारी करत असे. त्या वर्षापासून सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 17 नुसार आयातदाराने स्वतःच आकारणी करायची आणि खात्याने जोखीम पाहून निवडक प्रकरणे तपासायची, असा नियम झाला. पहारेकरी नाक्यावरून उठून व्यापाऱ्याच्या टेबलापाशी आला, किंबहुना व्यापाऱ्यालाच स्वतःचा पहारेकरी नेमण्यात आले. अशा व्यवस्थेत शुल्क चुकवण्यासाठी रात्रीच्या अंधारात होडी लावावी लागत नाही. बिलावर किंमत कमी दाखवली किंवा पत्र्याची प्रत बदलून लिहिली की पुरते. मग हे पाप कोणत्या खात्यात मांडायचे, खोटे बोलण्याच्या की चोरीच्या, हा प्रश्न उभा राहतो.

जैन आचारशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर देताना केलेली विभागणी अतिशय बारीक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या प्रत्येक अणुव्रताचे पाच ‘अतिचार’ सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडले नाही पण त्याला डाग लागला, अशी स्थिती. खोटी कागदपत्रे तयार करणे, म्हणजे ‘कूटलेखक्रिया’, हा सत्यव्रताचा अतिचार आहे. अचौर्यव्रताच्या अतिचारांत चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, मापात लबाडी करणे आणि भेसळ करणे यांच्या जोडीला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ असा एक अतिचार येतो. या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी निरनिराळा केला आहे. पूज्यपादांनी योग्य रीत सोडून अन्य मार्गाने देवघेव करण्यावर भर दिला असून राज्य अस्थिर असताना मौल्यवान माल कवडीमोलाने मिळवण्याची धडपड त्यात गणली आहे; इतरांनी शत्रुराज्याची सीमा ओलांडून केलेला व्यापार असा अर्थ घेतला; आणि आज त्याचे विवेचन करताना करचुकवेगिरी व तस्करी यांचा समावेश सर्रास केला जातो. म्हणजे या मांडणीनुसार कमी किमतीचे बिल बनवणाऱ्याला दोन डाग लागतात: कागद खोटा केल्याचा एक आणि त्या कागदाच्या आधाराने माल आत आणल्याचा दुसरा. एकाच सहीत दोन व्रते मळतात.

इथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. जैन ग्रंथ याला अतिचार म्हणतात, व्रतभंग म्हणत नाहीत, तेव्हा त्यांच्या मतेही ही खरी चोरी नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. परंतु अतिचाराची कल्पनाच मुळी अशा कृत्यांसाठी आहे ज्यांत करणारा स्वतःला व्रती समजत राहतो. घरफोड्याला आपण चोर आहोत हे ठाऊक असते. शुल्क चुकवणारा मात्र ‘आपण तर धंदा करतो’ असे प्रामाणिकपणे मानत असतो, आणि व्रताची चौकट त्याच्या मनात शाबूत असते. शास्त्रकारांनी त्याला दिलेली ही सवलत नसून त्याच्या रोगाचे निदान आहे. ज्या चोरीला चोरी म्हणण्याची जीभ होत नाही, तिची यादी करून ठेवणे हेच अतिचारांचे प्रयोजन आहे.

बौद्ध विनयाने हीच गोष्ट अधिक कठोरपणे, आणि जवळजवळ कायद्याच्या भाषेत, सांगितली आहे. विनयपिटक म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांचा संग्रह; त्यातील चार ‘पाराजिक’ अपराध असे आहेत की ते घडताच भिक्षू भिक्षू राहत नाही, आणि त्यांपैकी दुसरा अपराध चोरीचा आहे. कोणकोणत्या ठिकाणी चोरी घडू शकते याचे विवरण करताना पाली विनय जमीन, पाणी, नौका, वाहन यांच्याबरोबर ‘सुंकघात’ म्हणजे राजाने डोंगराच्या खिंडीत, नदीच्या उताराशी किंवा गावाच्या वेशीवर स्थापन केलेला शुल्काचा नाका याचाही विचार करतो. शुल्कपात्र आणि पाच मासक (त्या काळचे नाणे) किंवा त्याहून अधिक मोलाची वस्तू घेऊन भिक्षू चोरीच्या हेतूने नाक्यात शिरला, तर वस्तूला हात लावण्यापासून अपराधाच्या पायऱ्या सुरू होतात. नाक्याच्या हद्दीबाहेर पहिले पाऊल पडले की अपराध गंभीर होतो, पण पाराजिक होत नाही. दुसरे पाऊल पडले की मात्र सर्व संपते. आत उभे राहून वस्तू बाहेर फेकली तरी तेच फळ मिळते. नाक्यात न शिरता वाट वाकडी करून शुल्क टाळले तर दोष किरकोळ मानला आहे. कान्हेरीच्या लेखांत भद्रायणीय या निकायाचे, म्हणजे बौद्ध पंथाचे, नाव येते आणि पाली विनय थेरवाद परंपरेचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तरी चोरी हे दुसरे पाराजिक असल्याबद्दल निकायांत मतभेद नाही, आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या दानावर पोसल्या गेलेल्या लेण्यांत शुल्काच्या नाक्याची चर्चा केवळ पुस्तकी असण्याचे कारण नव्हते.

दोन पावलांतील हा फरक हास्यास्पद वाटेल, पण आधुनिक न्यायशास्त्र याच ठिकाणी दीर्घकाळ चाचपडत राहिले. उत्तनच्या समुद्रात बारा सागरी मैलांच्या आत आलेले जहाज भारताच्या हद्दीत आलेले असते; मग त्यावरील माल त्या क्षणीच आयात झाला काय? जहाज हद्दीत आले त्या दिवशीचा दर लावायचा की माल सोडवला त्या दिवशीचा, यावर मोठ्या रकमा अवलंबून असत. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये असे स्पष्ट केले की आयात ही एक प्रक्रिया असून देशातील एकूण मालात तो माल मिसळला म्हणजे ती पूर्ण होते, आणि शुल्काचे निमित्त माल सीमाशुल्काच्या अडसरापाशी पोहोचून देशांतर्गत वापरासाठी बिल ऑफ एंट्री दाखल होते तेव्हा घडते. हद्दीत येणे हे पहिले पाऊल आणि देशाच्या मालात मिसळणे हे दुसरे, असे म्हटले तर विनयकारांना ते अनोळखी वाटले नसते. मुंबईच्या सहार विमानतळावरील हिरव्या मार्गिकेने चालू लागलेला प्रवासी तोंडाने काही बोलत नाही, तरी शुल्कपात्र काही नाही असे त्याने जाहीर केले, असे त्या चालण्यावरूनच धरले जाते. तिथे तर पाऊल हेच विधान होते.

विनयाचा दुसरा आग्रह हेतूविषयी आहे. ‘थेय्यचित्त’, म्हणजे चोरीचे चित्त, नसेल तर पाराजिक नाही. त्यामुळे कोणी नकळत सामानात टाकलेली वस्तू घेऊन नाका ओलांडणारा दोषी होत नाही. पण जाणूनबुजून सोबत करणाऱ्याची सुटका नाही: राजगृहाहून निघालेला एक तांडा शुल्क चुकवणार आहे हे माहीत असूनही एक भिक्षू त्याच्याबरोबर गेला, अधिकाऱ्यांनी तांडा पकडला आणि भिक्षूही सापडला, त्या प्रसंगावरून अशा तांड्याबरोबर ठरवून प्रवास न करण्याचा नियम झाला, आणि त्या नियमाने तांड्याला जे नाव दिले आहे ते सरळ ‘चोरांचा तांडा’ असे आहे. आजचा कायदाही हेतूवरच दोन वाटा करतो. चुकीने कमी भरलेले शुल्क मागण्यासाठी खात्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षे मिळतात; संगनमत, हेतुपुरस्सर खोटे विधान किंवा माहिती दडवणे असेल तर पाच वर्षे मिळतात आणि दंड शुल्काइतकाच बसू शकतो. वर्गीकरणातील प्रामाणिक मतभेद आणि लपवाछपवी या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सुचलेले शहाणपण आहे.

ख्रिस्ती नीतिविचारात मात्र एकेकाळी वेगळे वारे वाहिले. काही कायदे सदसद्विवेकाला बांधत नाहीत, ते फक्त इतकेच सांगतात की शुल्क भरा किंवा सापडलात तर दंड भरा, असा ‘केवळ दंडात्मक कायद्या’चा सिद्धांत कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांत बराच काळ चर्चेत होता आणि सीमाशुल्क हे त्याचे आवडते उदाहरण होते. राजे आपापसातील लढायांसाठी नाके वाढवत होते त्या काळात हा विचार का सुचला ते समजते. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मात्र करचुकवेगिरी आणि खोटी बिले यांचा उल्लेख ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेच्या विवरणातच केलेला आहे, म्हणजे उत्तनच्या चर्चमध्ये आणि भाईंदरच्या उपाश्रयात या बाबतीत निकाल एकच लागतो.

कोणाची चोरी, या प्रश्नाला मात्र अजून उत्तर मिळालेले नाही. धर्मशास्त्राचे पारंपरिक उत्तर असे की कर हे राजाचे वेतन आहे: तो प्रजेचे आणि मार्गांचे रक्षण करतो, म्हणून त्याला उत्पन्नाचा सहावा भाग आणि मनुस्मृतीच्या मते मालाच्या किमतीचा विसावा भाग शुल्क म्हणून मिळावा. नाका टाळणाऱ्याला किंवा मालाची खोटी मोजणी सांगणाऱ्याला मनुस्मृती आठपट दंड सांगते. कौटिल्याचे अर्थशास्त्र अधिक व्यवहारी आहे. नगराच्या महाद्वाराजवळ ध्वज लावलेली शुल्कशाला, आलेल्या व्यापाऱ्याचे नाव, गाव, माल आणि शिक्का लिहून घेणारे चार-पाच कारकून, आणि ध्वजाखाली उभे राहून मालाचे प्रमाण व किंमत तीनदा पुकारणारा व्यापारी असे चित्र त्यात आहे. शुल्काच्या भीतीने प्रमाण किंवा किंमत कमी सांगितली तर वरचा भाग राजा घेतो किंवा आठपट शुल्क लावतो. किंमत सर्वांसमोर पुकारायची असल्याने कमी पुकारणाऱ्याचा माल त्याच किमतीला उचलणारा कोणीतरी समोर उभा असण्याचा धोका होताच. स्वयंआकारणीच्या आजच्या पद्धतीतून नेमकी ही उघड्यावरची पुकार गेली आहे. कौटिल्याच्या व्यवस्थेत आत येणाऱ्या मालावर सर्वसाधारण दर किमतीचा पाचवा भाग होता. विवाह, यज्ञ, प्रसूती, देवपूजा, उपनयन यांसाठी चाललेल्या सामानाला शुल्क नव्हते, दुर्मीळ बियाण्यालाही नव्हते, आणि राष्ट्राला पीडा देणारा माल नष्ट करावा असे सांगितले होते. परदेशातून आलेल्या मालाच्या शुल्काला कौटिल्याने वापरलेला शब्द ‘आतिथ्य’ असा आहे. पाहुण्याचे स्वागत करताना पाहुण्याकडूनच पाचवा हिस्सा घेणाऱ्या या आतिथ्याची थट्टा करता येईल, पण तो शब्द एक गोष्ट अचूक सांगतो: मालाची मालकी विकत मिळते, घरात शिरण्याची परवानगी विकत मिळत नाही, ती यजमानाने द्यायची असते. माल दत्त आहे, प्रवेश अदत्त आहे. व्यापारी चोरतो तो माल नव्हे, प्रवेश.

तरीही वेतनाचा सिद्धांत एका ठिकाणी तुटतो. शुल्क कधीकधी वसुलीसाठी नसून माल येऊच नये म्हणून असते, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील याचे सर्वांत ठळक उदाहरण मिठाचे आहे. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेल्या पत्रात पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवण्यास सांगितले, कारण ते मीठ स्वस्त असल्याने व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठाला गिऱ्हाईक उरणार नाही. येथे राजा मार्गाच्या रक्षणाचे मोल मागत नाही. तो मीठ पिकवणाऱ्याच्या पोटाचे रक्षण करतो. रक्षणाचा अर्थ वाटेवरून उपजीविकेपर्यंत विस्तारला की शुल्काला नवे नैतिक बळ मिळते, पण त्याबरोबर नवा अन्यायही संभवतो, कारण एकाचे रक्षण हे दुसऱ्यावरचे ओझे असते. सप्टेंबर 2017 मध्ये चीनमधून येणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सपाट पत्र्यावर तेथील सरकारी अनुदानाचा परिणाम पुसण्यासाठी 18.95 टक्के प्रतिशुल्क लावले गेले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ते थांबवले गेले. पत्रा बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याला ते संरक्षण होते. तोच पत्रा घेऊन डबे आणि पातेली बनवणाऱ्या छोट्या गाळ्याला ती महागाई होती. दोघांपैकी कोणाच्या बाजूने धर्म आहे हे केवळ दर पाहून ठरवता येत नाही, आणि दर चुकीचा असू शकतो हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

अन्याय्य शुल्क चुकवणे मग धर्म्य ठरते काय? याचे उत्तरही मिठानेच दिले आहे. 1930 मध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर चालून गेलेल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला आणि कर दिला नाही. पण त्यांनी मीठ लपवले नाही, दिवसाढवळ्या उचलले, लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगात गेले. भाईंदरच्या मिठागरांतील मिठालाही ग्रासणारा तो कर 1947 मध्ये रद्द झाला. विनयाच्या भाषेत सत्याग्रहीपाशी थेय्यचित्त नव्हते, आणि दोन बिले ठेवणाऱ्या आयातदारापाशी ते असते. पैसा दोघेही देत नाहीत, फरक फक्त झाकण्यात आहे. गृहस्थ व्यापाऱ्यासाठी याच मार्गाचे सौम्य रूप कायद्यात उपलब्ध आहे. आकारणी मान्य नसेल तर निषेध नोंदवून शुल्क भरता येते, आयुक्तांकडे आणि पुढे न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, आणि एरवी परतावा मागण्यास असलेली एक वर्षाची मर्यादा निषेधासह भरलेल्या शुल्काला लागू होत नाही. माल सुटतो आणि वादही जिवंत राहतो.

परताव्याच्या या कलमातच चोरी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवलेले आहे, आणि ते राजाच्या वेतनापेक्षा अधिक पटणारे आहे. आयातदार शुल्क बंदरावर भरतो पण सोसत नाही. ते पत्र्याच्या भावात, तेथून भांड्याच्या भावात जाते आणि अखेर मिरा रोडच्या एखाद्या स्वयंपाकघरात कुकर किंवा पिंप विकत घेणाऱ्या, बिल ऑफ एंट्री हा शब्दही न ऐकलेल्या, बाईच्या पाकिटातून चुकते होते. शुल्क चुकवलेला माल शुल्क भरलेल्या मालाच्या भावाने विकणारा व्यापारी तिने दिलेला पैसा वाटेतच ठेवून घेतो. तोच माल भाव पाडून विकला तर शेजारच्या गाळ्यातील प्रामाणिक माणसाचे गिऱ्हाईक नेतो. दोन्ही बाजूंनी अदत्तादान आहे, आणि त्यासाठी राजाला मध्ये आणण्याची गरजही पडत नाही. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले: जादा घेतलेला कर परत मागणाऱ्याने त्याचा भार आपण दुसऱ्यावर ढकललेला नाही हे सिद्ध केले पाहिजे. तसे सिद्ध झाले नाही तर सीमाशुल्क चुकीचे होते असे ठरूनही ती रक्कम आयातदाराला मिळत नाही. ती ग्राहक कल्याण निधीत जमा होते.